विश्लेषण : तिबेटचे पठार तापले, की भंडाऱ्यात पाऊस पडतो?

‘तिकडे बर्फ कमी, तिबेट तापले, म्हणजे यंदा पाऊस भरपूर’ असे गणित दर उन्हाळ्यात मोबाइलवर फिरते. त्यात तथ्य किती? आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील धान उत्पादकाने त्याच्या भरवशावर पऱ्हे टाकावेत का?

हा विषय दरवर्षी चर्चेत का येतो?

एप्रिलच्या मध्यावर भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो. त्यात प्रशांत महासागरातील एल निनो आणि हिंदी महासागराच्या तापमानाची स्थिती यांच्याबरोबर उत्तर गोलार्धातील बर्फाचाही उल्लेख असतो. हिवाळ्यात आणि वसंतात युरोप-आशियाच्या भूभागावर बर्फ कमी असेल तर पुढचा मोसमी पाऊस चांगला, बर्फ जास्त असेल तर पाऊस कमी, असा साधारण उलटा संबंध मानला जातो. २०२५ मध्ये बर्फ सरासरीपेक्षा कमी होते. हवामान विभागाने एप्रिलमध्ये १०५ टक्के पावसाचा अंदाज दिला आणि हंगामाअखेर देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला. गणित जुळल्यासारखे वाटले.

त्याच हंगामाची सुरुवात भंडाऱ्यातून वेगळी दिसली. मोसमी वारे २४ मे रोजी, म्हणजे नेहमीपेक्षा आठवडाभर आधी केरळात पोहोचले. २६ मे रोजी ते मुंबईत होते. पूर्व विदर्भातही यंदा लवकर पाऊस येणार अशी हवा झाली. पण मेच्या अखेरीस वाऱ्यांची वाटचाल थांबली आणि ती जूनच्या मध्यापर्यंत थांबलेलीच राहिली. मृग नक्षत्र लागले तरी विदर्भाच्या बहुतांश भागात मान्सून आला नव्हता. देशाच्या सरासरीत हा खंड दिसत नाही. धानाच्या जिल्ह्यात मात्र पऱ्हे कधी टाकायचे, हा प्रश्न त्याच पंधरा-वीस दिवसांचा असतो. म्हणून तिबेटच्या उष्णतेचा नेमका किती वाटा, हे समजून घेणे भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या कामाचे आहे.

तिबेटचे पठार इतके महत्त्वाचे का?

कारण त्याची उंची आणि पसारा. हे पठार सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर पसरले आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या आठपट. त्याची सरासरी उंची ४००० मीटरांहून अधिक आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, तर भंडारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर आहे.

मे महिन्यात भंडाऱ्यात पारा ४५ अंशांवर असतो. तापलेली कोरडी हवा वर चढली की दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी थंड होते. म्हणजे भंडाऱ्याच्या डोक्यावर साडेचार किलोमीटर उंचीवर पोहोचेपर्यंत ती शून्याच्या थोडी वर उरते. तिबेटमध्ये मात्र त्याच उंचीवर प्रत्यक्ष जमीन आहे. ती उन्हाने तापते आणि लगतच्या हवेला तिथेच उष्णता देते. त्यामुळे दुपारी पठारालगतची हवा आजूबाजूच्या त्याच उंचीवरील मोकळ्या हवेपेक्षा बरीच उबदार असते.

दुसरे कारण हवेच्या वजनाचे. पठारावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. वर तापवायला हवा कमी, त्यामुळे तेवढ्याच उन्हात ती अधिक तापते. चूल अंगणात पेटवली तर वरच्या माळ्यावर ऊब पोहोचायला वेळ लागतो. तिबेट म्हणजे माळ्यावरच पेटवलेली चूल. शास्त्रज्ञ त्याला ‘उंचावरचा उष्णतास्रोत’ म्हणतात.

बर्फाचा यात काय संबंध?

ताजे बर्फ आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग परत पाठवते. त्यामुळे बर्फाखालची जमीन तापत नाही. पुढे बर्फ वितळू लागले की बरीच उष्णता वितळण्यात खर्च होते. मग ओली झालेली माती वाळवण्यात आणखी उष्णता जाते. चिखल झालेली बांधी आणि शेजारचा कोरडा धुरा यांवर भर दुपारी अनवाणी चालून पाहिले की हा फरक पायांना कळतो. बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत टिकलेले असेल, तर पठार आणि त्याच्या पलीकडचा भूभाग उशिरा तापतो.

उंचावरच्या उष्णतेने मोसमी वारे कसे ओढले जातात?

हिवाळ्यात उत्तर भारतावर, हिमालयाच्या दक्षिणेला, दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हा पश्चिमी झोतवारा जोवर हिमालयाच्या दक्षिणेला ठाण मांडून असतो, तोवर मोसमी वाऱ्यांना उत्तरेकडे मोकळी वाट मिळत नाही. मे-जूनमध्ये भारताचा भूभाग, हिमालयाचे उतार आणि पठार तापतात, वरच्या थरातील हवा उबदार होते आणि हा झोतवारा हिमालय ओलांडून पठाराच्या उत्तरेला सरकतो.

तापून वर गेलेली हवा १२ ते १६ किलोमीटर उंचीवर पसरते. तिथे उच्च दाबाचे एक प्रचंड क्षेत्र तयार होते. त्याला ‘तिबेटी उच्च दाब’ म्हणतात. त्याच्या दक्षिण बाजूने, भारतीय द्वीपकल्पावरून, पूर्वेकडून पश्चिमेकडे वेगवान वारे वाहू लागतात. हा पूर्वी झोतवारा. खाली जमिनीलगत मात्र उलटे घडते : हवा वर निघून गेल्याने दाब कमी होतो आणि समुद्रावरची बाष्पयुक्त हवा आत ओढली जाते. वर पूर्वेकडून, खाली नैऋत्येकडून असे हे एकमेकांना पूरक चक्र आहे.

या मांडणीत एका भारतीयाचे मोठे योगदान आहे. उंचावरच्या पूर्वी झोतवाऱ्याचे वर्णन पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये केले आणि त्याची सांगड तिबेटच्या उष्णतेशी घातली. पुढे ते भारतीय हवामान विभागाचे प्रमुख झाले. त्याच दशकात जर्मनीचे हर्मान फ्लोन आणि चीनचे ये दुझेंग यांनीही तिबेट हा उन्हाळ्यातील उष्णतास्रोत असल्याचे मांडले होते.

एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. पठाराच्या जमिनीच्या उष्णतेचा प्रभाव मुख्यतः वसंतात आणि पावसाच्या आगमनाच्या काळात असतो. एकदा पाऊस सुरू झाला, की ढगांमध्ये वाफेचे पाणी होताना बाहेर पडणारी उष्णताच वातावरणाला सर्वाधिक तापवते. मग पाऊसच पुढच्या पावसाला बळ देतो.

बर्फ आणि पावसाचा संबंध प्रथम कोणी जोडला?

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्यानंतर लगेच, १८७६ ते १८७८ या काळात, देशाने भीषण दुष्काळ पाहिला. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्यापुढे प्रश्न होता की, अशा वर्षाची चाहूल आधी लागू शकते का? १८८४ मध्ये त्यांनी हिमालयातील हिमवृष्टी, भारतावरील कोरडे वारे आणि अवर्षण यांचा संबंध मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. हिमालयात उशिरापर्यंत जास्त बर्फ पडले की उत्तर व पश्चिम भारतावर कोरड्या वाऱ्यांचा जोर राहतो आणि पाऊस कमी होतो, हे त्याचे सार. १८८६ पासून या आधारावर नियमित अंदाज दिले जाऊ लागले. जगातील दीर्घकालीन हवामान अंदाजाची ही सुरुवात मानली जाते.

उपग्रह आल्यावर हा संबंध तपासणे सोपे झाले. १९७६ मध्ये हान आणि जगदीश शुक्ला यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून युरेशियातील बर्फ आणि भारतातील पाऊस यांचा उलटा संबंध दाखवला. पुढे १९९९ मध्ये बामझाई आणि शुक्ला यांनी प्रदेशवार तपासणी केली, तेव्हा खात्रीचा संबंध युरेशियाच्या पश्चिम भागातील बर्फाशी आढळला. खुद्द हिमालयातील बर्फाशी तो तितका स्पष्ट दिसला नाही. म्हणजे ‘तिबेटात बर्फ कमी म्हणून आपल्याकडे पाऊस जास्त’ हे वाक्य जेवढे सरळ वाटते तेवढे ते नाही.

पठार चूल आहे की भिंत?

गेल्या पंधरा वर्षांत शास्त्रज्ञांमध्ये याच प्रश्नावर वाद रंगला. २०१० मध्ये विल्यम बूस आणि झिमिंग क्वांग यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. त्यांनी संगणकीय प्रारूपातून तिबेटचे पठारच काढून टाकले, फक्त हिमालय आणि त्याला लागून असलेल्या रांगांची अरुंद भिंत ठेवली. तरीही भारतीय मोसमी पाऊस जवळपास तसाच राहिला. शिवाय वरच्या थरांतील हवा सर्वाधिक उबदार असते ती पठारावर नव्हे, तर हिमालयाच्या दक्षिणेकडील मैदानांवर, असेही त्यांनी दाखवले. त्यांचा निष्कर्ष : हिमालयाचे मुख्य काम कुंपणाचे आहे. उत्तरेकडची थंड, कोरडी हवा तो अडवतो. त्यामुळे गंगेच्या मैदानावरील दमट, उबदार हवा पातळ न होता साठत जाते.

२०१२ मध्ये चीनचे वू ग्वोशिओंग आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रयोग केला. त्यांनी प्रारूपात डोंगर जागेवर ठेवले, पण त्यांच्या उतारांवरून हवेला मिळणारी उष्णता बंद केली. तेव्हा मोसमी पावसाचा उत्तरेकडील भाग कोलमडला. दक्षिणेकडील भाग मात्र समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातील फरकावर बऱ्यापैकी टिकून राहिला. त्यांच्या मते हिमालयाचे तापलेले उतार पंपासारखे काम करतात. ते खालची दमट हवा वर खेचतात.

दोन्ही गटांच्या मांडणीत एक गोष्ट समान आहे. हिमालय आणि त्याचे दक्षिणेकडील उतार निर्णायक आहेत. पठाराच्या आतल्या विस्तीर्ण सपाट भागाची उष्णता एकटीच भारताचा पाऊस चालवते, ही शाळेतल्या भूगोलात शिकलेली मांडणी आता अपुरी ठरली आहे.

मग २०२५ मध्ये मान्सून विदर्भाच्या उंबरठ्यावर का थांबला?

त्या काळात मध्य भारतावर वायव्येकडून येणाऱ्या कोरड्या हवेचा पगडा होता. कोरडी हवा दमट हवेत शिरली की ढग वाढण्याआधीच विरतात. दुपारी उकाडा होतो, आभाळ भरून येते, पण पाऊस होत नाही. जमीन भरपूर तापलेली असूनही असे घडू शकते. हिमालयाचे कुंपण उत्तरेला आहे. वायव्येकडची बाजू तुलनेने मोकळी आहे आणि तिकडून इराण-अफगाणिस्तानच्या बाजूची कोरडी हवा येऊ शकते. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये बर्फाबरोबर कोरड्या वाऱ्यांचाही विचार का केला होता, हे इथे लक्षात येते. मोसमी पावसासाठी उष्णता हवी, तशीच ओल टिकून राहणेही हवे.

भंडाऱ्यावर प्रत्यक्ष पाऊस कोण पाडते?

भंडारा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पश्चिम घाटाला आडवे येणारे अरबी समुद्राचे वारे इथपर्यंत येता येता बराच पाऊस मागे टाकून आलेले असतात. जिल्ह्याचा पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागरातून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये राजस्थानपासून बंगालच्या उपसागराच्या शिरोभागापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरतो. उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि या पट्ट्याच्या आधाराने ओडिशा, छत्तीसगड, पूर्व मध्य प्रदेश असा प्रवास करत पश्चिम-वायव्येकडे सरकतात. अशा क्षेत्राच्या नैऋत्य बाजूला सर्वाधिक पाऊस पडतो. त्यामुळे केंद्र उत्तर छत्तीसगड किंवा लगतच्या मध्य प्रदेशात आले की भंडारा, गोंदिया, गडचिरोली जोरदार पावसाच्या टप्प्यात येतात.

हा पट्टा उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की चित्र उलटते. हिमाचल, उत्तराखंड, ईशान्य भारतात अतिवृष्टी होते आणि मध्य भारतात पावसाचा खंड पडतो. तिबेट तेव्हाही तापलेलेच असते.

एकाच महिन्याच्या दोन तऱ्हा

ऑगस्ट २०२० मध्ये उपसागरात एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रे तयार झाली. देशात त्या महिन्यात सरासरीपेक्षा २७ टक्के जास्त पाऊस झाला. महिन्याच्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. वैनगंगा उगम पावते ती मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात. तिथल्या संजय सरोवरातून मोठा विसर्ग करावा लागला आणि वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात, नदीकाठच्या गावांत शिरले. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. खाली चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांनाही पुराचा तडाखा बसला. भंडाऱ्यातील पूर हा बऱ्याचदा भंडाऱ्यातील पावसाचा नसतो, हे त्या वेळी पुन्हा दिसले.

ऑगस्ट २०२३ मध्ये कमी दाबाचा पट्टा बराच काळ हिमालयाच्या पायथ्याशी राहिला. हिमाचल प्रदेशात दरडी कोसळल्या, शिमल्यात माणसे दगावली. देशात मात्र सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१ पासूनच्या नोंदींमधील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. प्रशांत महासागरात त्या वर्षी एल निनो होता. आणि बर्फ? २०२२-२३च्या हिवाळ्यात युरेशियातील बर्फाचे आच्छादन सरासरीपेक्षा कमीच होते. बर्फाच्या गणिताने पाऊस चांगला व्हायला हवा होता. हंगामाअखेर देशाची सरासरी ९४ टक्क्यांवर थांबली.

या दोन ऑगस्टमध्ये पठार जागचे हललेले नव्हते आणि तापायचेही थांबलेले नव्हते. फरक पडला तो कमी दाबाचा पट्टा कुठे होता, उपसागरातून किती प्रणाली आल्या आणि प्रशांत महासागर कोणत्या स्थितीत होता यामुळे.

तिबेट अधिक तापत आहे, मग पाऊस वाढणार का?

तिबेटचे पठार जागतिक सरासरीपेक्षा अधिक वेगाने तापत आहे. तिथल्या हिमनद्या आटत आहेत. जमीन अधिक तापली तर मोसमी वारे बळकट व्हावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तापतो आहे तो फक्त भूभाग नाही. हिंदी महासागरही वेगाने तापला आहे. मोसमी वाऱ्यांना समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातील फरक चालवतो. दोन्ही बाजू तापल्या तर फरक वाढेलच असे नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की, विसाव्या शतकाच्या मध्यापासून हिंदी महासागर तापल्याने हा फरक घटला आणि मध्य भारतातील मोसमी पाऊस कमी होत गेला. त्यांच्याच २०१७च्या अभ्यासात दुसरी बाजू पुढे आली : १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अधिक उबदार हवेत अधिक बाष्प मावते आणि ते एकदम कोसळते.

धानासाठी याचा अर्थ सरळ आहे. चार महिन्यांची बेरीज ठीक दिसेल, पण तिच्या आत कोरडे खंड लांबतील आणि दोन दिवसांत आठवड्याचा पाऊस पडेल. रोवणीला पाणी नाही आणि निसवणीच्या वेळी बांध फुटले, असे एकाच हंगामात होऊ शकते.

अंदाजासाठी या ज्ञानाचा उपयोग किती?

हंगामाच्या एकूण अंदाजासाठी उपयोग आहे. हवामान विभाग आता बर्फ, समुद्र आणि वातावरण यांना एकत्र घेणारी अनेक प्रारूपे वापरतो. बर्फ हा त्यातील एक घटक, आणि तोही एल निनोपेक्षा दुबळा. वसंतातील तिबेटच्या जमिनीचे तापमान प्रारूपांत नीट भरले तर पुढच्या महिन्यांच्या पावसाचा अंदाज सुधारतो का, यावरही आंतरराष्ट्रीय प्रयोग झाले आहेत. चीनच्या यांगत्से खोऱ्यासह जगातील काही भागांच्या जूनमधील पावसासाठी त्यातून आशादायक निष्कर्ष आले. एका जिल्ह्याच्या पेरणीची तारीख त्यातून निघत नाही.

तारखेसाठी कमी मुदतीचे अंदाज अधिक कामाचे आहेत. २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित मान्सून आगमनाचे अंदाज मोबाइल संदेशाने पाठवले. मध्येच पडलेला सुमारे वीस दिवसांचा खंड या अंदाजांनी आधी टिपला होता, असे सरकारने नंतर सांगितले. हवामान विभागही दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, जिल्हानिहाय कृषी सल्ला काढतो. ‘मेघदूत’ अॅपवर तो मराठीत वाचता येतो.

भंडाऱ्यातील धान उत्पादकाने काय पाहावे?

एप्रिलचा अंदाज बियाण्याचे नियोजन करताना पाहावा : हलके धान किती, मध्यम किती, भारी किती. पऱ्हे टाकण्याचा दिवस ठरवताना मात्र विस्तारित अंदाज आणि जमिनीतील ओल महत्त्वाची. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. तो अशाच खोट्या सुरुवातीसाठी आहे. आवत्या टाकणाऱ्यांना तर तो अधिकच लागू पडतो.

रोवणीसाठी पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे असावेत. पाऊस लांबला की ते बांधीबाहेरच म्हातारे होतात, फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. म्हणून सिंचनाची हमी नसलेल्या शेतकऱ्याने सगळे पऱ्हे एकाच दिवशी न टाकता आठवड्याच्या अंतराने दोन टप्प्यांत टाकले, तर एका टप्प्यावरचा धोका कमी होतो. नदीकाठच्या गावांनी स्वतःच्या आभाळाबरोबर सिवनी आणि बालाघाटचा पाऊस, तसेच वरच्या धरणांच्या विसर्गाच्या सूचना पाहायला हव्यात.

आणि खंड पडलाच तर? त्याचे उत्तर जिल्ह्याने काही शतकांपूर्वीच शोधले होते. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. पावसाळ्यातील कोरड्या आठवड्यांत धानाला एखाद-दुसरे पाणी देऊन पीक वाचवणे, हा त्यांचा मुख्य उपयोग. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव झाले. देखभालीची गावातली व्यवस्था मात्र त्याबरोबर सैल पडली. अनेक तलाव गाळाने भरले, पाटांवर अतिक्रमणे झाली, कुठे पाळ फुटली ती तशीच राहिली. शेतातल्या बोड्यांचीही तीच गत आहे.

अतिवृष्टीचे दिवस आणि कोरडे आठवडे दोन्ही वाढत असतील, तर एकाचे पाणी दुसऱ्यासाठी राखणारी साठवण हीच सर्वांत उपयोगी गुंतवणूक ठरते. गाळ काढलेला तलाव पुराच्या दिवशी थोडे अधिक पाणी पोटात घेतो आणि खंडाच्या दिवशी ते बांधीला देतो. तिबेटमध्ये बर्फ किती राहिले, यावर लाखनी-साकोलीच्या शेतकऱ्याचे नियंत्रण नाही. गावाच्या तलावात पाणी किती राहील, यावर मात्र ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि पाटबंधारे विभागाचे आहे. मे महिन्यात तिबेटच्या तापमानाची चर्चा होते, त्याच महिन्यात तलावांतील गाळ काढायचे दिवसही निघून जात असतात.